जेडीएमच्या गप्पांतले शब्द आणि पार्ट मागवताना लागणारे आकडे

संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर ‘जेडीएम’ हा शब्द सारखा फिरत असतो. जेडीएम म्हणजे जपानच्या देशी बाजारासाठी बनलेली गाडी किंवा पार्ट. इथल्या शोरूममधून निघालेली होंडा सिटी जपानी कंपनीची खरी, पण जेडीएम नव्हे. तसं पाहिलं तर अस्सल जेडीएम गाडी एमएच २० किंवा एमएच २४ च्या पाटीवर दिसणं जवळपास अशक्यच. वापरलेली गाडी आयात करायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि आर ३४ स्कायलाइन जीटी-आरचं उत्पादन २००२ मध्येच थांबलं. म्हणून आपल्याकडे जेडीएम येतं ते सुट्या पार्टांच्या रूपात आणि चढतं जुन्या सिटी, सिविक, बलेनो, लान्सर, स्विफ्टवर. पुढचे शब्द त्याच हिशेबाने घेतले आहेत. दुकानदाराला फोन लावायच्या आधी कुठला आकडा हातात हवा, ते प्रत्येक ठिकाणी दिलंय.

इंजिनाचा कोड कसा वाचायचा

निसानचा कोड सगळ्यात सरळ. आरबी २६ डीईटीटी घ्या. आरबी हे इंजिनाचं घराणं, २६ म्हणजे २.६ लिटर, डी म्हणजे डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट), ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आणि टीटी म्हणजे दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे. हे कळलं की एसआर २० डीईटी तुम्हीच वाचाल: २ लिटर, डबल कॅम, इंजेक्शन, एक टर्बो.

टोयोटात गणित वेगळं. २ जेझेड-जीटीई मधला २ हा लिटरचा आकडा नाही, जेझेड घराण्यातलं ते दुसरं इंजिन. क्षमता ३ लिटर, नेमकी २,९९७ सीसी. जी म्हणजे जोरासाठी बनवलेलं रुंद कोनाचं डबल कॅम हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग), टी म्हणजे टर्बो, ई म्हणजे इंजेक्शन. फसगत होते ती इथेच. विकणारा नुसतं “टूजेझेड आहे” म्हणतो आणि निघतं बिनटर्बोचं जीई. जीईचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, १०:१, जीटीईचं ८.५:१. जीईवर तसाच टर्बो बसवून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतं, आणि पिस्टनचे तुकडे पडतात. त्यामुळे शेवटची अक्षरं ऐकल्याशिवाय भावाची बोलणी करू नका.

होंडाचं बी १६ बी म्हणजे बी घराणं, १.६ लिटर, शेवटचा बी हा प्रकार. माझदाचं १३बी हे रोटरी इंजिन. त्यात पिस्टन नसतात, ६५४ सीसीचे दोन रोटर असतात, मिळून १,३०८ सीसी. रोटरच्या टोकाला बसणाऱ्या पट्टीला एपेक्स सील म्हणतात. ती झिजली की कॉम्प्रेशन जातं, आणि ते नेहमीच्या गेजने नीट मोजता येत नाही, रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो.

बॉडीचा कोडही असाच कामाचा. एई ८६ म्हणजे १९८३ ते १९८७ मधली कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो, जिला जपानीत ‘हाचिरोकु’ म्हणजे आठ-सहा म्हणतात. एस १३, एस १४, एस १५ या सिल्व्हिया. ईके ९ ही सिविक टाइप आर. ‘एफडी’ म्हटलं की मात्र थांबून विचारायचं, कारण माझदा आरएक्स-७ चा शेवटचा अवतारही एफडी आणि २००६ मध्ये भारतात आलेली सिविकही एफडी. तिसरी एफडी बँकेत असते, आणि पहिल्या दोन्हींच्या नादात ती मोडते.

सिटीचा पार्ट मागवताना नुसतं ‘सिटी’ म्हणून भागत नाही. टाइप टू, २००३ ते २००८ ची डॉल्फिन, आणि २००८ नंतरची आय-व्हीटेक या तिन्हींचं सस्पेन्शन वेगळं. आरसी बुकवरचं उत्पादनाचं वर्ष आणि चासी नंबर आधी पाठवा, मग किंमत विचारा.

व्हीटेक: किक कुणाला बसते, कुणाला नाही

व्हीटेक म्हणजे होंडाची व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा. त्यात कॅमशाफ्टवर व्हॉल्व्ह उघडणारे दोन तऱ्हेचे उंचवटे असतात. खालच्या आरपीएमला छोटा काम करतो. ठरलेल्या आरपीएमला सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) ऑइल सोडतं, त्या दाबाने रॉकर आर्ममधली पिन सरकते आणि मोठा उंचवटा कामाला लागतो. बी १६ सारख्या डबल कॅम इंजिनात साडेपाच हजारांच्या आसपास आवाज आणि ओढ दोन्ही बदलतात. त्यालाच पोरं ‘व्हीटेक लागला’ म्हणतात.

आपल्याकडच्या टाइप टू सिटीचं १.५ व्हीटेक सिंगल कॅम होतं, १०६ बीएचपीचं. डॉल्फिनमधलं आय-डीएसआय म्हणजे व्हीटेक नव्हे. त्यात सिलिंडरला दोन प्रमाणे ८ प्लग असतात आणि ताकद ७७ बीएचपी. मागे व्हीटेकचा स्टिकर असला तरी बॉनेट उघडून प्लग मोजा. सिविकचं १.८ लिटरचं आर १८ तर त्याहून निराळं. त्यातला व्हीटेक पेट्रोल वाचवण्यासाठी आहे, त्यात किक शोधू नका, ती नाहीच.

जुन्या व्हीटेकमध्ये चेक इंजिनची लाइट लागली आणि वरचा आरपीएम येईना झाला, तर आधी महागडा पार्ट मागवू नका. डिपस्टिक काढून ऑइल बघा. हे सगळं ऑइलच्या दाबावर चालतं, लेव्हल खालच्या खुणेच्या खाली गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, व्हीटेक बंदच ठेवतो. लेव्हल ठीक असेल तर सोलेनॉइडचा सॉकेट काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा, टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये १४ ते ३० ओहम यायला हवा. तोही बरोबर असेल तर हेडच्या बाजूचे १० एमएमच्या पान्याचे बोल्ट काढून सोलेनॉइड खाली घ्या. त्याच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते आणि बहुतेक वेळा ती काळ्या गाळाने भरलेली सापडते. गॅस्केट नवीनच टाका, जुनं धुऊन बसवलं की तिथूनच ऑइल गळायला लागतं. बोल्ट १२ न्यूटन-मीटर, जास्त नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे पटकन जातात.

चाकं: सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात

अलॉय घेताना पाच गोष्टी लागतात: पीसीडी, सेंटर बोर, ऑफसेट, नटाचे आटे आणि टायरचा साइज. दुकानात साधारणपणे पहिली आणि शेवटचीच विचारतात.

पीसीडी म्हणजे नटांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार नटांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजलं की झालं. पाच नटांत समोर भोक येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांचं अंतर मोजायचं. ते ५८.८ एमएम आलं तर पीसीडी १००, ६७.२ आलं तर ११४.३. जुनी सिटी आणि स्विफ्ट ४×१००, सिविक ५×११४.३. भंगारातून चाकं घेताना फियाटच्या ४×९८ पासून जपून राहा. २ एमएमचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट तिरके ओढून बसतातही, आणि नंतर स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट, तुटतात.

सेंटर बोर म्हणजे चाकाच्या मधलं भोक. ते गाडीच्या हबवर, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या उंचवट्यावर, बसतं. जुन्या सिटीच्या हबचा व्यास ५६.१ एमएम, सिविकचा ६४.१, स्विफ्टचा ५४.१. बाहेरच्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ७३.१ असतं, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली फट तशीच ठेवली तर चाक हबवर मध्याला बसत नाही, ८० ते १०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस तीनतीनदा बॅलन्सिंग करून घेतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक स्वतःच्या बोरवर धरलेलं असतं, तिथे दोष दिसणारच नाही. इलाज म्हणजे ही फट भरणारी हब रिंग.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथवाल्यांची कमी नाही, त्यामुळे ही रिंग ऑनलाइन मागवायची गरज नाही. फक्त माप नीट द्या. व्हर्नियरने आपल्याच गाडीचा हब आणि आपल्याच चाकाचा बोर मोजा, नेटवरचा आकडा देऊ नका. हबच्या गंजावर तारेचा ब्रश मारून मगच मोजा. सिटीचं उदाहरण: आतला व्यास ५६.१५, बाहेरचा ७३.०५, लांबी ८ ते १० एमएम, पण हबचा उंचवटा जेवढा बाहेर येतो त्याहून कमी. आतल्या कडेला, हबच्या मुळाकडे येणाऱ्या बाजूला, दीड-दोन एमएमचा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) सांगायला विसरू नका. हबच्या मुळाशी गोलाई असते, चॅम्फर नसला की रिंग तिथे अडते आणि चाक पूर्ण टेकत नाही. चाक टेकलं नाही तरी नट घट्ट लागल्यासारखे वाटतात, हे जास्त धोक्याचं. मटेरियल ॲल्युमिनियम ६०६१ किंवा ६०८२ चा बार. प्लास्टिकच्या रिंगा स्वस्त, पण घाटात ब्रेक तापले की मऊ पडतात. बसवताना अँटी-सीझचं (गंजून चिकटू न देणारं वंगण) अगदी पातळ बोट फिरवा, नाहीतर पावसाळ्यानंतर चाक लाथेनेही निघत नाही.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी पाठ किती एमएम लांब आहे. चाकावर ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४५, आणि तुम्ही ७ इंची ईटी ४० घेताय. रुंदी १ इंच म्हणजे २५.४ एमएमने वाढली, ती दोन्हीकडे १२.७ अशी वाटली जाते. वरून ऑफसेट ५ ने कमी. म्हणून चाक बाहेर १७.७ आणि आत ७.७ एमएम सरकणार. आता गाडीखाली वाकून आतल्या बाजूला शॉकॲब्झॉर्बरपर्यंत किती जागा आहे आणि वर फेंडरची कड किती आत आहे, ते मोजा. चार माणसं बसवून मोजा, रिकाम्या गाडीत सगळंच बसतं.

नट: होंडा, टोयोटा, मित्सुबिशीचे एम १२ × १.५, सुझुकी, निसान, सुबारूचे एम १२ × १.२५. दोन्ही एकमेकांवर सुरुवातीचे दोन आटे जातात आणि मग पोरगा एअर गन लावतो. स्टड तिथेच संपला. नट आधी हाताने पाच-सहा फेरे फिरलाच पाहिजे. आणि होंडाच्या मूळ नटाची बैठक गोल असते, बाहेरच्या अलॉयची शंकूसारखी. मूळ नट नव्या अलॉयवर वापरला तर तो अरुंद रेघेवरच टेकतो आणि काही दिवसांत सैल होतो. होंडाला टॉर्क १०८ न्यूटन-मीटर, समोरासमोर आळीपाळीने. ८०-१०० किलोमीटर झाले की पुन्हा तपासा, आणि समृद्धीवर गाडी घालायच्या आधी तपासा.

टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. १७५/६५ आर १४ चा व्यास ५८३ एमएम, १९५/५० आर १५ चा ५७६. फरक सव्वा टक्का, चालतं.

चाकावर ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’चे शिक्के बघा. पहिला जपानी मानकाचा, दुसरा बाहेरच्या स्वतंत्र संस्थेने तपासल्याचा. रेज या जपानी कंपनीची टीई ३७ ही अलॉय घडीव म्हणजे फोर्ज्ड असते. त्याच नक्षीतली ओतीव नक्कल बाजारात ढिगाने मिळते. शिक्काही नकली असू शकतो, म्हणून वजन काट्यावर टाकून बघा: नक्कल अस्सलपेक्षा चांगलीच जड भरते. बीड बायपाससारख्या खड्ड्यांत नकलीला तडा जातो.

टर्बोची मंडळी, थोडक्यात

वेस्टगेट जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडतो आणि बूस्ट आटोक्यात ठेवतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह थ्रॉटल बंद होताच पाइपातली कोंडलेली हवा सोडतो, ‘पिश्श’ तो त्याचाच. डिझेल स्विफ्टला ब्लो-ऑफ लावायलेत काही जण. पेट्रोलसारखी हवा कोंडणारी थ्रॉटलची झडप डिझेलमध्ये नसते, तेव्हा हे निव्वळ आवाजाचं किट आहे. इंटरकूलर टर्बोने तापवलेली हवा गार करतो. बंपरमागे बसतो तो फ्रंट माउंट, सुबारूसारखा इंजिनावर बसतो तो टॉप माउंट.

बिनटर्बोच्या गाडीला लोक आधी शॉर्ट रॅम इनटेक लावतात. पाइप आखूड, फिल्टर बॉनेटखाली उघडा. मे महिन्यात परभणीत बाहेरच ४२-४३ अंश असताना तो इंजिनावरची त्याहून तापलेली हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद घटते. मूळ बॉक्समध्ये चांगला फिल्टर टाकणं बरं. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर तेल बेताने लावा, जास्त झालं की आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी अडखळते.

खाली बसवणं आणि डिफरन्शियल

‘शाकोतान’ म्हणजे जमिनीला टेकलेली गाडी, ‘ओनिक्यान’ म्हणजे चाकं वरून आत झुकवलेली राक्षसी कॅम्बर. फोटोत झकास, गावातल्या स्पीडब्रेकरवर ऑइल पॅन जातो. रस्त्यावरच्या गाडीला कॅम्बर उणे १ ते दीड अंश, टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, शून्याच्या आसपास. टायर आतून खाल्ला जातो तेव्हा सगळे कॅम्बरला दोष देतात, पण जास्त खातो तो बिघडलेला टो. गाडी खाली केल्यावर स्प्रिंगा बसायला आठवडाभर द्या, मग अलाइनमेंट करा. स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात सुटून बैठकीतून सरकते. आणि ‘तोगे’ हा शब्द घाटातल्या शर्यतीसाठी असला तरी कन्नडच्या औट्रम घाटात इतरांच्याही गाड्या असतात, तिथे तो शब्द काढूच नका.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच. एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, घसरणाऱ्या चाकाकडे सगळी ताकद जाऊ न देणारा. विकत घेताना साधी तपासणी: इंजिनाची ताकद जाते ती दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रल, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधा डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर क्लचवाला एलएसडी. हेलिकल प्रकार मात्र हाताने फिरवल्यावर साध्यासारखाच वागतो, त्याला पार्ट नंबरच बघावा लागतो.

हाफ कट आणि कागद

हाफ कट म्हणजे परदेशात मधोमध कापलेली गाडी, पुढचा अर्धा भाग इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंगसह आलेला. घेताना ईसीयू, पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं कुलूप) असल्यास किल्ली त्याच गाडीची आहे ना, हे आधी बघा. वायरिंग कापून दिलेली असेल तर इंजिनापेक्षा जास्त खर्च जोडणीला येतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडून द्या.

इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद लागते. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचं असेल तर पैसे देण्याआधीच आरटीओत विचारा, बसवल्यावर नाही. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर स्वतः टॉर्च लावून बिलाशी ताडून बघा. नंबर घासलेला दिसला तर भाव कितीही उतरवला तरी हात लावू नका. नोंद न करता बसवलेल्या इंजिनावर अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला तेवढंच कारण पकडते.