बधिर कॉर्नियाचे फोटो काढताना या चुका टाळा

कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) संवेदना गेली की रुग्णाच्या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. जखम वाढत असली तरी तो "आता बरं आहे" असंच म्हणतो, कारण दुखणं मेंदूपर्यंत नेणारी ट्रायजेमिनल नसच निकामी झालेली असते. मग कारण नागीण असो, साधा हर्पिस, मधुमेह, मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया किंवा मेडिकलमधून परस्पर आणून टाकत राहिलेले बधिर करणारे थेंब. अशा आजारात, म्हणजे न्यूरोट्रॉफिक केरायटिसमध्ये, जखम भरतेय की खोल जातेय, हे फोटो आणि स्कॅनवरूनच कळतं. आणि नवी शिकाऊ मुलं नेमके तेच सगळ्यात घाईने उरकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दर वेळी वेगळ्या मॅग्निफिकेशनवर फोटो काढणं. कपाळावर नागीण येऊन गेलेल्या एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. आधीच्या ठिकाणी स्लिट लॅम्पच्या (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) आयपीसला मोबाइल लावून काढलेले फोटो त्यांच्या मुलाने जपून ठेवले होते. पहिल्या फोटोत हिरवा डाग (तपासणीचा फ्लुरेसिन रंग टाकला की उघडी जखम अशी दिसते) चांगलाच मोठा, पुढच्यात लहान, शेवटच्यात आणखी लहान. त्या भरवशावर थेंब कमी केले होते आणि पुढची तारीख लांबची दिली होती. मावशींची काही तक्रारच नव्हती. "दुखत नाही हो डॉक्टर, नुसतं धुरकट दिसतं."

आम्ही त्या फोटोंत एकच गोष्ट केली. प्रत्येक फोटोत कॉर्नियाची आडवी रुंदी मोजली आणि डागाची रुंदी तिच्याशी ताडून पाहिली. मोठ्या माणसाचा कॉर्निया साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर रुंद असतो आणि उपचाराने त्यात फरक पडत नाही, म्हणजे मोजपट्टी फोटोतच असते. तिन्ही फोटोंत प्रमाण जवळजवळ तेच निघालं. जखम तेवढीच होती, लहान झाला होता तो मोबाइलचा झूम. वर शेवटच्या फोटोत वरची पापणी खाली आलेली, त्यामुळे डागाचा वरचा काठ झाकलेला. स्लिट लॅम्पवर बघितलं तर काठ गुंडाळल्यासारखे जाड झाले होते आणि तळाचा स्ट्रोमा (कॉर्नियाचा मधला जाड थर) पातळ व्हायला लागला होता. शेवटी पापण्या अंशतः शिवाव्या लागल्या. जखम भरली, पण मध्यभागी पांढरा डाग राहिला. तेव्हा कमी केलेले थेंब मला आजही खटकतात.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. मॅग्निफिकेशन एकच, नजर समोर, पापणी बोटाने वर धरलेली, निळा फिल्टर आणि कॅमेऱ्यापुढे पिवळा फिल्टर. जखमेची सर्वांत लांब रेषा आणि तिला काटकोनातली रेषा, दोन्ही मिलिमीटरमध्ये केसपेपरवर. "बेटर" असा शेरा मी चालवून घेत नाही. या आजारावरच्या सेनेगरमिन थेंबांच्या 'रेपारो' चाचणीतही जखम भरली असं कधी मानायचं, तर रंगलेला भाग सर्वांत रुंद ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असेल तेव्हा. तेसुद्धा कोणाला कोणतं औषध चालू आहे हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी फोटो बघून ठरवायचं. एवढी शिस्त तिथे लागली, मग ओपीडीत नुसती नजर कशी पुरेल?

रंगाचं म्हणाल तर फ्लुरेसिनची कागदी पट्टी सलाइनने ओली करून जेमतेम टेकवायची. डोळा रंगाने भरून टाकला तर कडा दिसतच नाहीत. फोटो लगेच घ्या. थांबलात तर रंग उघड्या स्ट्रोमात झिरपतो आणि काठ फिसकटतात. नुकत्याच भरलेल्या खड्ड्यात रंग नुसता साचतो, म्हणून शंका आली की सलाइनने धुऊन पुन्हा बघायचं.

संवेदनेची चाचणी बधिर करणारा थेंब टाकल्यावर करणं, ही चूक मी अजून बघते आणि मला ती सहन होत नाही. आधी कापसाचा धागा किंवा कोशे-बोने (बारीक तंतू टेकवून संवेदना मोजायचं साधन), मग ओसीटी (थरांची जाडी दाखवणारा स्कॅन), मग रंग आणि फोटो. नसा दाखवणारं कॉन्फोकल यंत्र डोळ्याला टेकतं, त्याला बधिर करणारा थेंब आणि जेल दोन्ही लागतात, म्हणून ते शेवटी. क्रम चुकला तर त्या दिवशीची संवेदनेची नोंद कुचकामी.

ओसीटीवर अनेकजण एकूण जाडी वाचून मोकळे होतात. इथे मी हटून बसते. निरोगी एपिथेलियम (कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर) मध्यभागी साधारण ५० मायक्रॉन असतो, पण स्ट्रोमा झिजलेला असला तर खड्डा बुजवण्यासाठी नवा एपिथेलियम त्याहून जाड वाढतो. एकूण आकडा ठीक दिसतो, खालचा स्ट्रोमा मात्र गेलेलाच असतो. सूज असली तरी तशीच फसगत होते. दोन्ही थर वेगळे मोजा, सर्वांत पातळ जागेवर, आणि पुढच्या वेळी त्याच जागेवरून रेषा घ्या.

कॉन्फोकलची घाई तर करूच नका. जखम उघडी असताना त्यावर यंत्र टेकवायचं कारण नाही. एपिथेलियम भरला की नस उगवली, असंही नाही. नसा फार मागून येतात. एका चित्रात फक्त ४०० बाय ४०० मायक्रॉनचा तुकडा दिसतो, त्यामुळे गेल्या वेळी दाट जागा आणि आज विरळ जागा मिळाली की "नसा कमी झाल्या" असा निष्कर्ष निघतो. मध्याच्या जरा खाली, नाकाच्या बाजूला नसांचा भोवरा असतो, ती खूण धरून शेजारशेजारची चित्रं घ्या.

बँडेज लेन्स (जखम झाकायला लावलेली मऊ लेन्स) केवळ फोटोसाठी काढू नका, नवा थर सोबत निघून येऊ शकतो. लेन्स असताना रंगही टाकू नका, मऊ लेन्स तो शोषून घेते. लेन्स बदलायच्या दिवशीच फोटो घ्यायचा.

आणि डाग दिसेनासा झाला म्हणून फोटो थांबवू नका. सेनेगरमिनचा कोर्स दिवसातून ६ वेळा, ८ आठवड्यांचा. तो संपल्यावरही संवेदना परतली नसेल तर जखम पुन्हा उघडू शकते आणि रुग्णाला ते कळणार नाही. कोर्सनंतरच्या तारखा आधीच लिहून द्या आणि सोबत घरच्या कुणाला तरी बोलवा.