हा आकडा कुणी मोजला? मासळीवर प्रबंध लिहिताना शिकलेल्या गोष्टी

एम.ए.च्या प्रबंधाला मी रत्नागिरीच्या मासळीचा विषय घेतला. मिरकरवाडा बंदर घरापासून जवळ, माहितीला काय तोटा, असं वाटलं होतं. माहिती ढिगाने मिळाली, पण त्यातली कुठली धरायची ते कळायला वर्ष गेलं. यंदा पहिल्यांदाच संशोधनाला बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिला धडा आलेखाने दिला. जुन्या सरकारी अहवालांतले जिल्ह्याचे आकडे ओळीने उतरवून काढले, तर १९८०नंतर रेष धाडकन खाली. मी लगेच दोन पानं लिहून काढली: यांत्रिक नौका वाढल्या, मासा संपला. मार्गदर्शक मॅडमनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "देवगड, मालवण, वेंगुर्ले तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होते गं?"

१ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. माझ्या आलेखात मासा नव्हे, किनारा कमी झाला होता. अहवालातला एकही आकडा चुकीचा नव्हता, मी दोन वेगवेगळ्या रत्नागिरी एकमेकींना जोडल्या होत्या. कोकणावर काम करणाऱ्याने हे आधी तपासावं. कोलाब्याचं रायगडही १९८१लाच झालं. त्याहून मागे गेलात, तर १८८०च्या गॅझेटिअरचा खंड 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असा आहे, कारण सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं. जुना कागद हातात आला की मी आता आधी नकाशा शोधते.

दुसरी अडचण जास्त दिवस छळत राहिली. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आवकेचे, म्हणजे बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे देतो, आणि कोचीची केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थाही देते. दोन्ही जुळत नाहीत. खरं कोण, हा प्रश्न घेऊन मी महिनाभर अडकले, आणि प्रश्नच चुकीचा निघाला. विभागाचं वर्ष एप्रिल ते मार्च, संस्थेचं जानेवारी ते डिसेंबर. शिवाय संस्था रोज प्रत्येक बंदरावर मोजत नाही. ठरावीक पद्धतीने काही बंदरं, काही दिवस, काही नौका निवडते आणि त्यावरून एकूण अंदाज बांधते. म्हणून अहवाल उघडला की तक्त्याआधी पद्धतीचं प्रकरण वाचा. कंटाळवाणं असतं, पण ते टाळून घेतलेला आकडा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध भरपूर आहेत, त्यांचा उपयोग करा. पण तीन प्रबंधांत एकच वाक्य सापडलं म्हणजे तीन पुरावे मिळाले असं नाही. मी अशाच एका वाक्याचा माग काढत गेले. तिसऱ्याने दुसऱ्याचं घेतलं होतं, दुसऱ्याने पहिल्याचं, आणि पहिल्याने वर्तमानपत्राच्या एका बातमीतलं. बातमीत आकडा कुणी दिला त्याचा पत्ताच नव्हता. ते वाक्य मी गाळलं, वाईट वाटलं तरी.

माणसांकडून मिळणारी माहिती मला सगळ्यात मोलाची वाटते. ती विचारायची मात्र नीट लागते. "पूर्वी तारली किती मिळायची?" असं विचारलं की "लय!" एवढंच उत्तर येतं. एका म्हाताऱ्या तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) मी साल विचारत होते, त्यांना सांगता येईना. मग विचारलं, "फयानच्या आधी की नंतर?" ते लगेच म्हणाले, "आदल्या सालची गोष्ट बाय, तेव्हा माझी जुनी होडी होती." फयान वादळ नोव्हेंबर २००९चं, म्हणजे साल मिळालं. मग तीच गोष्ट त्यांच्या खलाश्याला वेगळी विचारली, आणि लिलावात मासळी घेणाऱ्या मावशींनाही. मावशींना वजन आठवत नव्हतं, भाव आठवत होता. ज्याचा ज्याच्याशी रोजचा संबंध, तेच त्याच्या लक्षात पक्कं राहतं. आणि अहवालांत तारली नि पेडवे या माशांच्या वेगळ्या नोंदी असतात, बोलताना सरमिसळ होते. कुठला मासा ते दाखवून घ्या.

कार्यालयात कागद मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, कुठलं रजिस्टर आणि कुठलं वर्ष ते नेमकं लिहा.

आता एक नोंद सांगते, जी मी जवळजवळ फेकून दिली होती. एका गावच्या वहीत जून-जुलैची मासळी लिहिलेली होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वही बनावट असणार, म्हणून मी त्या पानांच्या झेरॉक्सवर लाल फुली मारली. जुलैत त्याच गावी गेले. पाऊस कोसळत होता, आणि खाडीच्या तोंडाशी एका बिनइंजिनाच्या छोट्या होडीतून दोघं जण पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होते. बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्यांच्या होड्यांना नाही. घरी येऊन त्या पानांची नवी झेरॉक्स काढली.