मुलांना मराठी शब्द शिकवताना या चुका टाळा

दर रविवारी मी लहान मुलांना मराठी शिकवते, ज्यांच्या घरी इंग्रजीच जास्त बोलतात अशी मुलं, आणि बहुतेक पालक येताना तेच फ्लॅशकार्ड घेऊन येतात. शंभर शब्द पाठ, महिन्यात मराठी. एवढी घाई कशाला?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चवी चित्रावरून शिकवणं. मीही केलीये. लाल मिरचीचं चित्र दाखवून 'तिखट' घोकून घेतलं, पुढच्या रविवारी सहा वर्षांची एक मुलगी लाल खडू उचलून म्हणाली, ताई, हा तिखट. तिचं काय चुकलं? तिला दिसला तो रंगच ना. तेव्हापासून मी डबा घेऊन जाते, त्यात लिंबाची फोड, मीठ, गूळ, कारल्याची चकती आणि आवळा. 'तुरट' तर आवळ्याशिवाय सांगताच येत नाही, जीभ आखडते, तोंड कोरडं पडतं, मग वर घोटभर पाणी प्यायलं की ते गोड लागतं. आधी चव, तोंड वाकडं झालं की मग शब्द, हा क्रम मी मोडत नाही. तीच मुलगी नंतर जांभूळ खाताना आपणहून 'तुरट' म्हणाली, जांभूळ मी वर्गात कधी आणलंही नव्हतं.

महागडं किट लागतच नाही हो. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, खडे, पानं, बिया यांवर बालवाडी चालवून दाखवलीये.

दुसरी चूक, सुटा शब्द देणं. नुसतं 'थंडी' शिकवलं की मूल 'मी थंड आहे' म्हणतं. मराठीत भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, आणि हे सगळं 'मला' होतं. म्हणून अख्खं वाक्यच द्या, आणि तेही खरंच भूक लागलेली असताना.

आत-बाहेर, वर-खाली वहीत नको, डब्यात चिंचोके टाकून शिकवा.

आणि सगळ्यालाच 'दुखतंय' म्हणू देऊ नका. खरचटलं की चुरचुरतं, कांदा डोळ्याला झोंबतो, दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पायाला मुंग्या येतात. गुडघा फुटला की आधी जवळ घ्या, जखम धुवा, आणि धुता धुता विचारा, चुरचुरतंय का रे?