सॅक्स शिकायचंय? पहिली रेषा हाताने काढा

रात्री गॅलरीत उभे राहा आणि लांबच्या एखाद्या दिव्याकडे छत्रीच्या कापडातून बघा. दिव्याभोवती फुलीच्या आकारात ठिपके दिसतील. आता तोच दिवा जरा विरळ विणीच्या ओढणीतून बघा. ठिपके दिव्याच्या जवळ सरकलेले असतील. वीण जितकी घट्ट, तितका प्रकाश लांब फाकतो.

लघुकोनी क्ष-किरण प्रकीर्णन, म्हणजे सॅक्स, याच गोष्टीवर उभं आहे. दिव्याच्या जागी क्ष-किरणांचा बारीक झोत, आणि कापडाच्या जागी प्रथिनाचं द्रावण, नॅनोकण, पॉलिमर किंवा दुधातले केसीनचे कण. साधारण एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या गोष्टी या किरणांना अगदी थोडं, काही अंशांच्या आत, वळवतात. कुठल्या कोनात किती किरण गेले ते मोजायचं आणि त्यावरून आकार ओळखायचा.

शिकायला लागणारं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. अडचण क्रमाची होते. नवीन माणूस थेट कणाचा रंगीत त्रिमितीय आकार काढायला धावतो. तसं करू नका.

आधी क्यूशी ओळख करून घ्या. सॅक्सच्या आलेखात आडव्या अक्षावर कोन नसतो, क्यू असतो. क्यू म्हणजे चार पाय (π) गुणिले कोनाच्या निम्म्याची साइन, भागिले तरंगलांबी. कोन सोडून क्यू वापरायचा, कारण तरंगलांबी बदलली तरी क्यूचा आलेख तोच राहतो आणि इंदूरचा डेटा हॅम्बुर्गच्या डेटाशेजारी ठेवता येतो. अंतर हवं असेल तर दोन पायला क्यूने भागा. क्यू ०.१ प्रति अँगस्ट्रॉम असेल, तर अंतर सुमारे ६३ अँगस्ट्रॉम, म्हणजे ६.३ नॅनोमीटर. प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते. तिथे हा क्यू फक्त १.४ अंशावर येतो. हे एकदा कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा.

मग उत्तर माहीत असलेला डेटा घ्या. एसएएसबीडीबी ही जैविक नमुन्यांच्या सॅक्स डेटाची खुली बँक २०१४ पासून सुरू आहे. तिथे अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन शोधा आणि फाइल उतरवून घ्या. फाइलमध्ये तीन रकाने असतात: क्यू, तीव्रता आणि त्रुटी. क्यू प्रति नॅनोमीटर आहे की प्रति अँगस्ट्रॉम, हे पहिल्यांदा बघा. इथे चूक झाली तर आकार दहापट चुकतो, आणि सॉफ्टवेअर काहीही बोलत नाही.

आता साध्या स्प्रेडशीटमध्ये गिनिए आलेख काढा. मी कोणालाही सॅक्स शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आँद्रे गिनिए यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं, की अगदी लहान कोनांत तीव्रतेचा नैसर्गिक लॉग आणि क्यूचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषेत येतो. रेषेचा उतार उणे असतो. उणे चिन्ह सोडून त्याला तीनने गुणा आणि वर्गमूळ काढा. मिळते ती कणाची घूर्णन त्रिज्या, म्हणजे कण आपल्या केंद्रापासून सरासरी किती लांब पसरलाय त्याचं माप, जिला सगळे आरजी म्हणतात. प्रति अँगस्ट्रॉमच्या एककात उतार उणे ७५ आला, तर तीनपट २२५ आणि आरजी १५ अँगस्ट्रॉम. लायसोझाइमचं उत्तर याच्याच आसपास यायला हवं.

रेषा कुठपर्यंत धरायची? गोलसर कणांसाठी क्यू आणि आरजीचा गुणाकार १.३ च्या आत ठेवा. आरजी १५ असेल तर क्यू साधारण ०.०८७ पर्यंतच. पण आरजी तर अजून काढायचीय! म्हणून अंदाजाने सुरू करा, आरजी काढा, मर्यादा बदला, पुन्हा काढा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो.

या आलेखाचं डावं टोक नीट बघा. तिथे बिंदू रेषेच्या वर उचलले असतील, तर बहुधा नमुन्यात गुठळ्या झाल्यात. खाली वाकले असतील, तर कण एकमेकांना दूर ढकलताहेत आणि द्रावण आणखी पातळ करायला हवं. सुरुवातीच्या काळात मी असा वर उचललेला डेटा घेऊन आकार काढत बसलो आणि दोन आठवडे गेले. वक्रावरून त्रिमितीय आकार काढणारा डॅमिफसारखा प्रोग्राम कुठल्याही डेटातून काहीतरी आकार देतोच. तो खरा आहे की गुठळीचा, ते या टोकावरूनच कळतं.

सॉफ्टवेअर आत्ता उघडा. प्रथिनांवर काम असेल तर बायोएक्सटास रॉ घ्या. तो मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याचं ट्युटोरियल सरावाच्या डेटासकट मिळतं. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत करा. हॅम्बुर्गच्या ईएमबीएल या युरोपीय प्रयोगशाळेत घडलेला एटसास हा संच शैक्षणिक वापराला मोफत आहे. त्यातला नॉम कणाच्या आतल्या अंतरांचं वितरण काढतो, आणि क्रायसॉल माहीत असलेल्या अणुरचनेवरून सॅक्सचा वक्र काढून तुमच्या डेटाशी ताडून दाखवतो.

नॅनोकण किंवा साबणाचे मायसेल, म्हणजे रेणूंचे पुंजके, असतील तर सासव्ह्यू. तिथे आधी गोलाचं मॉडेल घ्या. एकसारख्या गोलांच्या वक्राला खड्डे पडतात, आणि पहिला खड्डा क्यू गुणिले त्रिज्या ४.४९ झाल्यावर येतो. खड्डा ०.०९ वर दिसला, तर त्रिज्या सुमारे ५० अँगस्ट्रॉम. फिटचं बटण दाबण्याआधी हा अंदाज डोळ्यांनी करा आणि तोच सुरुवातीचा आकडा म्हणून भरा. खड्डे बुजलेले असतील, तर कण लहानमोठे असू शकतात. मग आकारांचा फैलाव मोकळा सोडा, म्हणजे प्रोग्रामला तो बदलू द्या. मात्र स्केल आणि कण व द्रावक यांच्या घनतेतला फरक दोन्ही एकदम मोकळे सोडू नका. वक्रात ते गुणाकाराने एकत्र येतात, त्यामुळे कुठलीही जोडी तितकीच छान बसते.

डिटेक्टरवरच्या गोल चित्रातून वक्र काढायचा असेल तर पायफाय. बाकी पॅकेजं नंतर गरजेप्रमाणे येतात.

आता स्वतःच्या मापनाविषयी. भारतात इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, सॅक्सची बीमलाइन (मापनाची जागा) आहे. जाताना एकच नमुना नेऊ नका. निदान तीन संहती, म्हणजे कमी-जास्त पातळ केलेली तीन द्रावणं, न्या, म्हणजे वर सांगितलेलं ढकलणं लगेच पकडता येतं. आणि बफर, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळलेलं असतं ते द्रावण. प्रथिनाचा सिग्नल हा नमुन्यातून बफर वजा करूनच मिळतो, म्हणून बफर तंतोतंत तोच लागतो. नवीन बनवलेला, कागदावर तीच कृती असलेला बफर चालत नाही. डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीतलं प्रथिन बफरमध्ये बुडवून ठेवणं, संपल्यावर बाहेरचं द्रावण ओतून देऊ नका. बाटलीत भरा, तारीख आणि नमुन्याचं नाव लिहा आणि नमुन्यांच्याच डब्यात ठेवून न्या.