पाइपवर अडकलेले वाचन सिग्नलने सोडवताना

विंडोजवर युनिक्सचे प्रोग्राम चालवू देणाऱ्या सिगविनसारख्या स्तरात पाइप (एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याकडे नेणारा मार्ग) वाचताना कंट्रोल-सी दाबूनही, म्हणजे थांबण्याचा सिग्नल देऊनही, प्रोग्राम ढिम्म राहिला, तर बहुधा समकालिक (डेटा येईपर्यंत न परतणारे) रीडफाइल हे वाचनाचे फंक्शन अडून बसलेले असते. क्रिएटपाइपच्या निनावी पाइपला ओव्हरलॅप्ड (काम पूर्ण होण्याची वाट न पाहता परतणारी) पद्धत चालत नसल्याने क्रिएटनेम्डपाइपने अनन्य नावाचा पाइप ओव्हरलॅप्ड फ्लॅगसह उघडावा आणि वाचन सुरू करून, दादरला मध्य व पश्चिम अशा दोन्ही मार्गांच्या घोषणांकडे कान ठेवावा तसे, वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्सने वाचनाच्या व सिग्नलच्या इव्हेंटची (घटना घडल्याची खूण देणाऱ्या ऑब्जेक्टची) एकत्रच वाट पाहावी. सिग्नल आधी आल्यास कॅन्सलआयओने वाचन रद्द करावे, पण तडकाफडकी ईआयएनटीआर (सिग्नलमुळे काम खंडित झाल्याची त्रुटी) परत करू नये: रद्द होण्यापूर्वीच बाइट आलेले असू शकतात (खरी मेख इथेच आहे), म्हणून गेटओव्हरलॅप्डरिझल्टने खात्री करावी आणि बाइट मिळाले असतील तर त्यांचीच संख्या परत करावी.