कंपनी नेमकी कशावर कमावते, हे कसे शोधावे

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. एखाद्या कंपनीत पैसे गुंतवायचे असोत, तिथे नोकरी धरायची असो किंवा तिच्यासारखाच धंदा स्वतः सुरू करायचा असो, तो अहवाल उघडून तीन गोष्टी शोधाव्यात: पैसे कोण देतो, ते केव्हा हातात येतात आणि ते येणे कोणाच्या निर्णयावर अवलंबून आहे. अध्यक्षांचे मनोगत आणि सुरुवातीची रंगीत पाने नंतर वाचली तरी चालतात.

पैसे देणारा आणि सेवा वापरणारा हे एकच असतील, असे गृहीत धरू नये. वर्तमानपत्र वाचक विकत घेतो, परंतु त्या किमतीत बहुधा कागद आणि छपाईचाही खर्च निघत नाही. तो जाहिरातदार भरून काढतो. पतमानांकन करणाऱ्या, म्हणजे कर्ज फेडण्याची कुवत जोखणाऱ्या संस्थेचे अहवाल गुंतवणूकदार वाचतात, पण तिचे शुल्क ज्या कंपनीच्या कर्जाला मानांकन द्यायचे असते तीच कंपनी भरते. त्यामुळे अहवालात ‘ग्राहक’ हा शब्द दिसला की तो नेमका कोणासाठी वापरला आहे, हे तपासावे.

त्यानंतर हिशेबाच्या टिपांमध्ये दिलेली विभागनिहाय माहिती पाहावी. एकापेक्षा जास्त व्यवसाय असणाऱ्या कंपनीला प्रत्येक विभागाचे उत्पन्न आणि नफा तिथे वेगवेगळा दाखवावा लागतो, आणि माझ्या मते संपूर्ण अहवालात याहून उपयुक्त कोष्टक दुसरे नाही. यासाठी रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. खानपान, तिकीट आरक्षण, पर्यटन आणि रेल नीर हे बाटलीबंद पाणी असे या कंपनीचे व्यवसाय आहेत. अलीकडच्या वर्षांत उत्पन्नात खानपान सेवा पुढे असली, तरी नफ्याचा सर्वांत मोठा वाटा इंटरनेटवरील तिकीट आरक्षणाचा आहे. तिकिटाचे भाडे रेल्वेकडे जाते. कंपनीला मिळते ते प्रत्येक तिकिटावरील सुविधा शुल्क. हे शुल्क नोव्हेंबर 2016 मध्ये माफ झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये पुन्हा सुरू झाले. जेवण वाढवायचे तर धान्य, गॅस आणि माणसे लागतात. संगणक प्रणाली एकदा उभी राहिली की आणखी एक तिकीट काढून देण्याचा खर्च मात्र नगण्य असतो. एका रुपयातून किती पैसे शिल्लक राहतात, यात म्हणूनच एवढी तफावत पडते.

पैसे येणे कोणाच्या निर्णयावर अवलंबून आहे, हा तिसरा प्रश्नही याच कंपनीवरून समजून घेता येतो. 28 ऑक्टोबर 2021 रोजी, सुविधा शुल्कातील निम्मा वाटा रेल्वेला द्यावा, असा रेल्वे मंत्रालयाचा निर्णय जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर कोसळला, आणि मंत्रालयाने त्याच दिवशी निर्णय मागे घेतला. कंपनीचे काम, कर्मचारी, प्रवासी यांत त्या दोन दिवसांत काहीही बदलले नव्हते. ज्या विभागातून सर्वाधिक नफा येतो, त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे का, हे आधीच पाहून ठेवावे, ते यासाठी.

पैसे केव्हा येतात, या प्रश्नाकडे नवे उद्योजक सर्वांत कमी लक्ष देतात, असे मला वाटते. खानावळीचा हिशेब करून पाहा. समजा 40 सभासद महिन्याचे 3,000 रुपये आगाऊ भरतात. म्हणजे पहिल्या तारखेला 1,20,000 रुपये हातात येतात आणि किराणा त्याच पैशांतून भरता येतो. साखर कारखान्याची स्थिती याच्या अगदी उलट आहे. ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, देण्याचे कायद्याचे बंधन आहे, साखर मात्र केंद्र सरकार दरमहा ठरवून देईल तेवढ्याच कोट्यात विकता येते. हंगाम चार-पाच महिन्यांत आटोपतो आणि साखर पुढे वर्षभर विकली जात राहते. मधल्या काळात गोदामातील पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यावी लागते, आणि त्या उचलीचे व्याज नफ्यातून जाते. हातातोंडाशी आलेला नफा व्याजात जातो, तो असा. कारखाने पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलकडे वळले त्यामागे हेही एक मोठे कारण आहे, कारण तेल कंपन्यांकडून त्याचे पैसे तुलनेने लवकर मिळतात. मात्र डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा ज्यांनी त्यासाठी कर्ज काढून यंत्रसामग्री उभारली होती, त्यांची गणिते विस्कटली.

अहवालात ही गोष्ट तपासायची असेल, तर नफातोटा पत्रकातील निव्वळ नफा आणि रोख प्रवाह पत्रकातील व्यवसायातून आलेली रोकड हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. नफा वर्षानुवर्षे दिसतो आहे पण रोकड येत नाही, असे असेल तर पैसा उधारीत, नाहीतर पडून राहिलेल्या मालात अडकला आहे असे समजावे आणि ‘येणे बाकी’ व ‘साठा’ या टिपा उघडाव्यात. ‘इतर उत्पन्न’ या ओळीवरूनही नजर फिरवावी. जमीन विकून किंवा ठेवींच्या व्याजातून आलेला पैसा धंद्याची कमाई म्हणून धरू नये. एकाच वर्षाच्या आकड्यांवर विसंबू नये, निदान पाच वर्षांचे अहवाल पाहावेत.