गाढव-तट्टू गाडीला जुंपण्याआधी धनुर्वाताची लस टोचून घ्या

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, रंगपंचमीला मढीत. तिथून आणलेलं जनावर बहुतेक जण आठवड्याच्या आत गाडीला जुंपतात. नवा साज छातीवर घासतो, कातडी सोलते. त्यावर कुणी जळकं ऑइल चोपडतं, कुणी शेणराख. दोन-तीन आठवड्यांत धनुर्वातानं जनावराची दातखीळ बसते आणि मग ते सहसा वाचत नाही. अशी धट्टीकट्टी जनावरं गेलेली पाहिली आहेत, म्हणून दर हंगामाला हेच सांगतो.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात. गोठ्याची जमीन म्हणजे त्यांचं घरच. घोडा, गाढव, खेचर यांना हा रोग गाय-बैलांपेक्षा फार लवकर धरतो. बैलाच्या खांद्याला जे निभतं ते इथे निभत नाही. खुरात खिळा घुसला तर जास्तच धोका: वरून भोक बुजतं, आत हवा पोचत नाही आणि जंतू तिथेच वाढतात.

जनावर दारात आलं की पहिलं काम लशीचं. घोड्यासाठीच्या धनुर्वात टॉक्सॉइडचा (हीच ती लस) १ मिली डोस स्नायूत, ४ ते ६ आठवड्यांनी दुसरा, पुढे दरवर्षी एक. टोचायला पशुवैद्यकच हवा. भरवशाचं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर मिळतं, म्हणून तोवर ओझं नको. हा मधला काळ शिकवणीला अगदी पुरेसा आहे.

या आठवड्यांत क्रमाने:
- मोहरकी घालून हातानं चालवणं, थांबवणं
- अंगावर साज टाकून नुसतं फिरवणं
- मागून दोन कासरे धरून हाकणं
- जुना टायर ओढायला लावणं
- रिकामी गाडी, सपाट रस्ता
- दुसऱ्या डोसनंतर थोडं ओझं

गाढव अडून उभं राहतं ते घाबरून. मारलंत तर ते जागा आणि माणूस दोन्ही लक्षात ठेवतं. माझा अंदाज असा, की शिकलेल्या गाढवाच्या शेजारी चालवलं तर नवं निम्म्या वेळात गाडी ओढायला लागतं.

दात पाहूनच जुंपा. दुवान म्हणजे दोन पक्के दात आलेलं, अडीच-तीन वर्षांचं पोर, त्याला रिकामी गाडी पुष्कळ झाली. पुरं ओझं चौवान झाल्यावर, म्हणजे चार पक्के दात आल्यावर.

बैलाचं जू यांच्या मानेवर ठेवू नका. ही जनावरं छातीनं ओढतात. छातीपट्टा चार बोटं रुंद, आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलेला, आणि श्वासनळीच्या खाली बसणारा हवा. रोज संध्याकाळी साज उतरवला की पट्ट्याखाली हात फिरवा. केस उडाले असतील, जागा गरम लागत असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

दुकानदार ताकदीचं टॉनिक, लिव्हरची बाटली, कॅल्शियम गळ्यात मारतो. त्यातल्या एका बाटलीच्या पैशात लस होऊन जाते. कोरडा चारा, मीठ आणि स्वच्छ पाणी असेल तर निरोगी जनावराला बाटलीची गरज नाही.

१९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. गाढवाच्या पाठीवर ५० किलोची मर्यादा आहे. फाल्गुन-चैत्रात हे फार सांभाळा.

लस न झालेल्या जनावराला जखम झालीच, तर साबणाच्या पाण्यानं धुवा, माती-शेण-ऑइल काही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून १५०० युनिटचं धनुर्वाताचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) टोचून घ्या. चाल लाकडासारखी ताठ, कान उभे, शेपूट वर, आवाजानं दचकणं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरं पटल पुढे सरकणं, यातलं काहीही दिसलं तर जनावर अंधाऱ्या, शांत जागी बांधा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. तोंडानं औषध पाजू नका. गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं.